पारूच्या लग्नाची सीडी

आमच्या अंगणात विहीर आहे, हे मी सोळा वर्षं गल्लीला ऐकवत आले. गारखेड्यात ही गल्ली बसली ती आमच्या रानावर. आधी घर आमचं, मग बाकीच्यांनी प्लॉट घेतले. त्यामुळं दारातून जाताना कोणी नाक वर केलं की मी म्हणायची, "सावकाश जा बाबा, माझ्या विहिरीच्या डोक्यावरून चाललास." विहीर दिसत नव्हती. घर बांधताना आमच्या मालकांनी ती दगडी फरशांनी झाकली, वर मुरूम लोटला आणि मला सांगितलं, "मनकर्णे, रान विकलं पण विहीर विकली नाय. आपल्याच दारात आहे." नवऱ्याचा शब्द. मी तो सोळा वर्षं अंगावरच्या दागिन्यासारखा मिरवला.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात गल्लीनं तो दागिना मागितला.

नळाला आठव्या दिवशी पाणी, ते पण करंगळीएवढं. जायकवाडीच्या धरणात नुसता गाळ राहिला होता. गल्लीतले सगळे बोअर एकामागून एक खडखडले. टँकर यायचा तेव्हा बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. मग एके दिवशी दहा-बारा जण माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मनकर्णाबाई, तुमची विहीर उघडा. झाकलेली आहे, बुजवलेली नाय, तुम्हीच सांगता. आतलं पाणी सगळ्यांना पुरंल."

मी म्हणलं, उघडा की. मी काय डोक्यावर घेऊन बसलेय का?

कडूबा नावाचा खोदकामवाला आणला. मी तुळशीजवळ बोट दाखवलं, तिथं त्यानं कमरेएवढा खड्डा घेतला. काळी माती. माझा लेक गोकुळ मोटारसायकल लावतो तिथं बोट दाखवलं. मुरूम, पण खाली परत माती. तिसरा खड्डा न्हाणीच्या मागं. तिथं गोकुळच्या लहानपणची एक चप्पल निघाली, बाकी काही नाय. कडूबानं कुदळ टेकवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आजी, विहीर व्हती का हरवलेली सुई?"

गल्ली हसली. पलीकडची सरूबाई तर पदर तोंडात कोंबून हसली.

आता मला माझ्याच विहिरीची जागा ठाऊक कशी नाय, हे सांगायला पाहिजे. आमचं गाव पैठणकडचं. गारखेड्याचं हे रान मालकांनी मागाहून घेतलं, तेच येऊन-जाऊन बघायचे. मी लेकरं आणि सासू घेऊन गावी. सत्त्याण्णव साली माझी नणंद पारू, तिचं लग्न मालकांनी इथं रानातच लावलं, कारण इथं पाणी होतं आणि गाड्या लावायला जागा होती. आणि तेव्हा मी कुठं होते? माहेरी. धाकट्या लेकीच्या वेळची बाळंतीण, बारावा दिवस. घरची थोरली सून लग्नात नाय! मालक म्हणाले मुहूर्त पुढं ढकलता येत नाय. मी तो राग धरला तो धरलाच. लग्नाची व्हिडिओ कॅसेट आली, सगळ्या गावानं पाहिली, मी पाठ करून भाकरी थापत बसले. पुढं गोकुळनं छावणीतल्या दुकानात देऊन त्या कॅसेटची सीडी करून आणली, ती पण मी पाहिली नाय. मी इथं राहायला आले तेव्हा घर उभं होतं, विहीर झाकलेली होती आणि आजूबाजूला प्लॉटचे दगड रोवलेले होते.

गोकुळनं त्या संध्याकाळी सांगितलं, "आई, उद्या सकाळी आठला जेसीबी येणार आहे. अख्खं अंगण फोडता येणार नाही. तू एक जागा सांग. नाहीतर सगळ्यांना सांगून टाक की मला माहीत नाही."

मला माहीत नाही! हे वाक्य माझ्या तोंडानं जन्मात म्हणलेलं नव्हतं.

दुसरा दिवस निघाला, आणि जेसीबीवाल्यानं निरोप धाडला की आठला नाय, दुपारनंतर येतो. तेवढीच सवलत. गोकुळ कंपनीत कामाला गेला. मी पैठणला पारूला फोन लावला. म्हणलं, "पारू, तुझ्या लग्नात रानातली विहीर कुठं होती गं?"

ती म्हणाली, "वहिनी, एका दिवसासाठी आणलं मला तिथं. डोक्यावर शालू, तोंडावर मुंडावळ्या, नजर खाली. मी नवरा बघू का विहीर?"

"नवरा तरी धड बघितलास का?"

"तो पण नाय बघितला, म्हणून तर आजवर भोगतेय," ती म्हणाली आणि खिदळली. मग म्हणाली, "अहो, सीडी बघा की. व्हिडिओवाला विहिरीवर चढला होता. दादा त्याला ओरडत होते, पडशील म्हणून."

मी फोन ठेवला आणि ट्रंकेतली सीडी काढली. एकोणीस वर्षांचा राग गिळायला मला ट्रंकेचं झाकण उघडण्याएवढाच वेळ लागला. अंगणाची अब्रू होती.

माझी सून तनुजा घरी बसून कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं करते. तिला म्हणलं, "लाव ही."

तिनं सीडी खणात ठेवली. खण आत गेला, घरघर झाली आणि पडद्यावर एक पांढरी चौकट उगवली. तनुजानं पुढं वाकून वाचलं.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, हे कशात उघडायचं ते सांगा."

"ते आपल्याला विचारतंय? मग त्याला घरात कशाला ठेवलंय?"

तिनं बरंच काही दाबलं. मग तिचा चेहरा उतरला. "आत्याबाई, प्लेअरच नाही यात."

"कोण नाय?"

"मीडिया प्लेअर. गाणी, सिनेमा दाखवणारा. कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याच्या सोबतच आलेला. वेगळा टाकावा लागत नाही. तो गेला."

मी पडद्याकडं बघतच राहिले. घरातून वाटी जाते, चप्पल जाते. ह्या डब्याच्या पोटातली वस्तू कोण नेईल? कुलूप न फोडता? मी म्हणलं, "दुसरा आण." ती म्हणाली, नेटवरून आणता येतो, पण रस्ता खणताना आपली तार तुटलीय, आठ दिवस झाले. मोबाइलवर? मोबाइलमध्ये सीडी कुठून घालणार?

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. मी चप्पल घातली आणि समोर गेले.

समोर अनंतराव राहतात. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. रिटायर झाल्यावर पोरासोरांमध्ये बसून कॉम्प्युटरचा कोर्स केला, त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून देवांच्या फोटोंशेजारी लावलंय. त्यांचा प्लॉट आमच्या मालकांनीच दिलेला, आणि दारात मोठा उंबर. त्या दिवशी त्यांच्या बायकोची, यमुनाबाईंची, लगबग चालली होती. उंबराखाली, फाटकाच्या आत, दोन हजार लिटरची नवी काळी टाकी उभी केली होती. आज पहिल्यांदा भरायची म्हणून टाकीला हळदकुंकू लावलं होतं.

"अनंतराव, चला. आमच्याकडं चोरी झालीय."

ते चष्मा पुसत आले. आल्यावर खुर्चीत बसले ते पण कचेरीसारखे, कंबर सरळ करून. "वहिनी, आधी तक्रार काय ती शांतपणे सांगा. मग पुरावा पाहू. मग कारवाई."

"कारवाई दुपारच्या आत होईल का? का पेन्शन निघेपर्यंत थांबू?"

ते ह्या बोलण्याला सरावलेले आहेत. त्यांनी आधी सीडी काढली, उजेडात धरली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि म्हणाले, "सीडी निर्दोष आहे." मग यादी उघडली, वरून खाली एकेक नाव वाचलं. प्लेअरचं नाव नाय. मग खाली शोधायच्या जागेत नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. काही सापडलं नाय. मग म्हणाले, "व्हायरस असेल तर बाकीच्या फायलीही गेल्या असत्या. तनुजा, तुझं टायपिंग आहे ना सगळं?"

"आहे काका."

"म्हणजे चोर निवडक आहे."

काम करता करता त्यांची जीभ पण चालू होती. त्यांच्या ओट्यापुढची फरशी दर पावसाळ्यात खचते, तीनदा बसवून घेतली, काळ्या मातीचा दोष. मग म्हणाले, "पण प्लॉट घेतल्याचा कधी पश्चात्ताप नाही झाला हो वहिनी. सखारामभाऊंसारखा माणूस मिळणं कठीण. कागदाआधी त्यांचा शब्द. म्हणाले होते, अनंतराव, डोळे झाकून घर बांधा."

मी पदर सारखा केला. नवऱ्याचं कौतुक माणूस मेल्यावर जास्त गोड लागतं.

मग त्यांनी कुठलीशी एक खिडकी उघडली. लांबलचक यादी, प्रत्येक नावाच्या पुढं छोटी चौकट. काही चौकटींत बरोबरची खूण, काही भरलेल्या. अनंतराव पुढं वाकले. चष्मा कपाळावर, परत नाकावर. "अस्सं," ते म्हणाले. "वहिनी, चोरी झालेली नाही. वस्तू घरातच आहे."

"म्हणजे?"

"प्लेअर आतच पडून आहे. पण त्याला बंद केलंय. ही बघा चौकट, रिकामी. ह्यातली खूण काढली की तो दिसेनासा होतो." त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "आणि हे आपोआप होत नाही. इथपर्यंत चुकून कोणी पोचत नाही. यंत्र मध्ये एकदा विचारतं, नक्की का? त्याला होय म्हणावं लागतं. म्हणजे कोणीतरी जाणूनबुजून, हातानं केलंय."

कॉम्प्युटरला हात लावणारं घरात एकच माणूस. माझं डोकं भडकलं.

"तनुजा! तरीच म्हणलं. सासऱ्याच्या विहिरीचं पाणी गल्लीनं प्यावं हे बघवत नाय ना तुला? कोणाच्या सांगण्यावरून केलंस हे? आईच्या? तुझ्या आईनं शिकवलं?"

"वहिनी, वहिनी," अनंतराव म्हणाले.

"तुम्ही थांबा. बोल गं!"

तनुजाचे कान लाल झाले. तिनं आधी अनंतरावांकडं बघितलं, मग माझ्याकडं. हळूच म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं, आत्याबाई."

"मी? मला हे यंत्र कुठून चालू होतं ते ठाऊक नाय!"

"मामंजी गेले तेव्हा. दहाव्याच्या आदल्या दिवशी. मी टायपिंगचं काम पोचवायला बसले होते, कोणाची तरी फाईल उघडली आणि लग्नाचं गाणं लागलं. मोठ्यानं. बाहेर माणसं बसलेली. तुम्ही आत आलात आणि म्हणालात…"

"काय म्हणाले?"

"म्हणालात, माझ्या घरात वर्षभर सूर उमटता कामा नाय. टीव्हीची वायर काढलीस तसं ह्या डब्यातलं गाणं मुळासकट काढ. मी म्हटलं, आवाज बंद करते. तुम्ही म्हणालात, आवाज नाय, गाणंच काढ. मग मी भावाला फोन करून विचारलं, आणि ही खूण काढली. यंत्रानं विचारलं, नक्की का. तुम्ही मागंच उभ्या होतात. म्हणालात, म्हण होय."

मला सगळं आठवलं. दारात मांडलेली सतरंजी, ते निलाजरं गाणं, माझा चढलेला आवाज. आमच्यात दुखवटा पाळतात. वर्षभर घरात सण नाय, गोड नाय, गाणं नाय. रेडिओ माळ्यावर गेला होता, टीव्हीवर चादर टाकली होती, दारावरची ट्रिंग ट्रिंग घंटी पण मी काढायला लावली होती. वर्षश्राद्ध झालं, रेडिओ उतरला, चादर निघाली, घंटी परत वाजायला लागली. हे एवढं कॉम्प्युटरच्या पोटात दडवलेलं कोणाला आठवणार? त्याचा दुखवटा दोन वर्षं चालू होता बिचाऱ्याचा.

चोर मी निघाले. आणि ते पण सूनबाईच्या आईला आत ओढून झाल्यावर, परक्या माणसासमोर. मी आजवर इतकी गार पडले नव्हते. अनंतराव छताकडं बघत होते, ओठ दाबून. हसले असते तर मी त्यांना उंबरठ्याबाहेर काढलं असतं.

"बरं," मी म्हणलं. "वर्ष झालंय. आता होय म्हण."

तनुजानं खूण केली. यंत्र म्हणालं, थांबा. थांबलो. मग म्हणालं, मला बंद होऊन परत चालू व्हावं लागंल. झालं. परत चालू होताना पडद्यावर निळा रंग आणि खाली आकडे चढत होते. अनंतराव म्हणाले, "आता वीज जाता कामा नये. गेली तर सगळंच बसेल." आमच्याकडं दुपारची वीज कधी जाईल त्याचा नेम नाय. मी आकड्यांकडं बघत होते. तीस. तीस. तीस. एकदम साठ. तनुजा तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होती. मी विचारलं नाय, माझंच नाव घेत असंल तरी तो तिचा हक्क होता.

शंभर झाले. पडदा उजळला. आणि तिथं खाली कोपऱ्यात, नारिंगी रंगाचं एक गोल चित्र परत येऊन बसलं होतं, जसं काही गेलंच नव्हतं.

तेवढ्यात समोरून यमुनाबाईंची हाक. "अहो, टँकर आला! लवकर या, तो थांबत नाही!"

अनंतराव उठलेच. "वहिनी, आता फक्त सीडी आत सारा. आपोआप चालू होईल." आणि ते धोतर सावरत पळाले.

तनुजानं सीडी सारली. मी खुर्चीवर बसले, ती मागं उभी राहिली.

आधी गणपती आला. मग फुलांची चौकट, पारूचं नाव. मग मांडव, बॅन्ड, माझे दीर, जेवणाच्या पंगती, जिलेबीची कढई. सगळे जिवंत. मी एकोणीस वर्षं पाठ फिरवून बसले होते त्यांच्याकडं. आणि मग मालक. अडतीस वर्षांचे, फेटा मागं सरकलेला, शर्टाच्या बाह्या वर. कॅमेऱ्याकडं हात हलवून ओरडत होते, "अरे मागं बघ, मागं! आत पडशील, लग्नात तेरावं घालायला लावशील!" तोच आवाज. मी खुर्चीची कड धरली.

व्हिडिओवाला वळला आणि विहीर दिसली.

बांधीव विहीर. काळ्या दगडाची, मोठ्या तोंडाची. पोरं वाकून बघत होती. बाजूला मोटर, मोटरीच्या पाईपमधून दंडाएवढी धार, त्यात वऱ्हाडी पाय धूत होते. आणि विहिरीच्या काठाला चिकटून एक झाड. दोन बुंध्यांचं. एक बुंधा सरळ, एक जमिनीकडं कललेला, आणि दोघांच्या सांध्यात तोंड उघडल्यासारखी ढोली.

माझ्या पाठीमागून तनुजा पुढं वाकली.

ती ढोली मी रोज बघते. त्यात यमुनाबाईंनी दत्ताचा फोटो ठेवलाय. दर गुरुवारी दिवा लावतात.

"आत्याबाई," तनुजा म्हणाली, "हा तर काकांचा उंबर."

आमच्या दारात विहीर नव्हती. कधीच नव्हती. मालकांनी विहिरीचा प्लॉट विकला होता. विहीर असलेला प्लॉट घर बांधायला कोण घेणार, म्हणून वर फरशा टाकल्या, मुरूम लोटला आणि अनंतरावांना सांगितलं, डोळे झाकून घर बांधा. आणि मला सांगितलं, विहीर विकली नाय. दोघांना दोन शब्द. फरशी दर पावसाळ्यात खचत होती ती मातीनं नाय. उन्हाळ्यात त्यांची नातवंडं, मिहिर आणि हिमानी, त्याच उंबराखाली बाज टाकून झोपतात.

पडद्यावर मालक हसत होते.

"बंद कर," मी म्हणलं.

"आत्याबाई…"

"बंद कर म्हणलं ना!"

मी खोटं सांगत नाय. तेवढ्या वेळात माझ्या मनात आलं, की सीडी मोडून चुलीत घालावी. दुपारी जेसीबी येईल, मी चौथी जागा दाखवीन, पाचवी दाखवीन, गल्ली हसंल, हसू दे. हसणं पुसता येतं. मेलेल्या माणसाचं नाव एकदा गेलं की त्याला ते कोण परत मिळवून देणार? तनुजाकडं बघितलं. ती काही बोलणार नव्हती. मी म्हणाले असते म्हण होय, तर तिनं होय म्हणलं असतं. तेच मला सोसलं नाय.

आणि बाहेरून टँकरच्या मोटरीचा आवाज येत होता. दोन हजार लिटर. फरशांवर.

मी उठले. चप्पल घालायची राहिली. रस्ता तापलेला, पाय पोळत होते, ते नंतर कळलं. टँकरचा जाड पाईप फाटकातून आत गेला होता, टाकीच्या तोंडात खोचलेला. टाकी निम्म्याच्या वर भरली होती. गल्लीतल्या बाया आपापल्या हंड्यांसह रांगेत. यमुनाबाई टाकीला हात लावून उभ्या, तोंडभर हसू. मिहिर टाकीला पाठ टेकून बसलेला.

मी आधी पोराचा दंड धरला आणि त्याला रस्त्यावर लोटलं. मग पाईप धरला आणि टाकीतून ओढून काढला.

पाणी रस्त्यावर आलं. भळाभळा. दुष्काळातलं टँकरचं पाणी, धुळीत. मला वाटतं मी कोणाचा गळा चिरला असता तरी बाया तेवढ्या किंचाळल्या नसत्या. टँकरवाला ओरडला, "ओ मावशी, येड लागलं का?" सरूबाई म्हणाली, "बाई पिसाळली! स्वतःची विहीर सापडंना, आता दुसऱ्याचं पाणी सांडती!" कोणी पाईप हिसकायला आलं, मी सोडला नाय. टँकरवाल्यानं पळत जाऊन कॉक फिरवला तेव्हा धार थांबली. मी गुडघ्यापर्यंत भिजले होते.

"यमुनाबाई, बाजूला व्हा. टाकीपासून लांब व्हा."

"मनकर्णाबाई, मी तुमचं काय वाकडं केलं?" त्यांचे डोळे भरले होते.

"तुम्ही नाय केलं. आम्ही केलं." मी फरशीकडं बोट केलं. "विहीर इथं आहे. तुमच्या पायाखाली. आमच्या मालकांनी झाकून तुम्हाला विकली. आता सीडीत बघितली मी. हाच उंबर आहे."

टँकरची मोटर कोणीतरी बंद केली.

यमुनाबाईंनी खाली फरशीकडं बघितलं, मग बाज कुठं टाकतात तिकडं, आणि तोंडावर हात धरून त्या उडी मारल्यासारख्या मागं सरल्या. अनंतराव हलले नाहीत. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला होता, तो त्यांनी वर केला नाय.

"सखारामभाऊंनी?" ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर मला बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्याशी बोलता येतं. त्यांनी दोनदा तेवढंच विचारलं. "सखारामभाऊंनी?"

"व्हय," मी म्हणलं.

टाकी रिकामी करायला गल्लीनं रांग लावली. यमुनाबाईंचं पाणी, ज्याच्या टाकीला हळदकुंकू लावलेलं, ते हंड्या-हंड्यानं सगळ्यांच्या घरी गेलं, आणि एकजण पण खुशीत नव्हता. एकावेळी एकच माणूस आत जायचा, दबक्या पावलानं, जसं काही खाली कोणी झोपलंय. रिकामी टाकी दोरानं ओढून रस्त्यावर घेतली. जेसीबीला मी फाटकाच्या आत येऊ दिलं नाय. कडूबा आणि तिघांनी कंबरेला दोर बांधून, उंबराला टोक अडकवून, पहारीनं फरशी उचकटली. खाली मुरूम. मुरुमाखाली काळे दगडी पाट. मधला पाट दुभंगलेला होता. एक तुकडा खाली झुकून दुसऱ्या दगडाच्या कडेला बोटभर टेकलेला.

सुईचा विनोद कडूबानं परत केला नाय.

आत बॅटरी मारली. खोलवर पाणी होतं. काळं, स्वच्छ, हलत सुद्धा नव्हतं.

गोकुळ रात्री घरी आला, त्याला तनुजानं सांगितलं. तो बराच वेळ अंगणातल्या तीन खड्ड्यांशी उभा राहिला. मग फावडं घेऊन ते बुजवायला लागला. मी त्याला जेवायला पण बोलावलं नाय. बापाचं काम लेक करत होता, करू दिलं.

पाणी तपासून आणलं, चांगलं निघालं. चार दिवसांत कठडा बांधला, रहाट बसवला. अनंतरावांनी फाटक उघडं ठेवलं आणि नंबरांचे कागद वाटले, शिक्का मारून. घराघराला दोन-दोन हंडे. बाज मात्र आता घराच्या पार मागं गेली. अनंतराव गल्लीत सगळ्यांशी बोलत. माझ्याकडं बघायचे, मान हलवायचे, बोलायचे नाहीत. एका संध्याकाळी ते येऊन सीडी मागून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तनुजाच्या हातात परत दिली. काय पाहिलं, किती वेळा पाहिलं, मला ठाऊक नाय.

पहिल्या दिवशी तनुजा हंडा उचलायला लागली तशी मी तिच्या हातातून घेतला.

"मी जाते आत्याबाई, तुमचे गुडघे दुखतात."

"दुखू दे. तुला टायपिंग आहे."

मी गल्लीत कोणाच्या दारात कधी भांडं घेऊन उभी राहिले नव्हते. माझा नंबर अकरावा होता. सरूबाईचा नववा. तिनं मागं वळून माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "या मनकर्णाबाई. आज कोणाच्या विहिरीवर?"

माझ्या जिभेवर सतरा उत्तरं आली. एकाहून एक झणझणीत. मी सगळी गिळली आणि म्हणलं, "अनंतरावांच्या. पुढं सरक, तुझा नंबर आला."

यमुनाबाई म्हणाल्या, "तुम्ही वयानं मोठ्या, पुढं या." मी मान हलवली आणि जागेवरच राहिले. ऊन डोक्यावर येत होतं.

माझी पाळी आली. मी हंडा खाली ठेवला आणि रहाटाचा दोर धरला. वाकून आत बघितलं नाय, तेवढं धाडस अजून नव्हतं. अनंतराव कठड्यापलीकडं नंबरांचे कागद घेऊन उभे होते. त्यांनी माझा कागद घेतला, त्यावर खूण केली, आणि कागदाकडंच बघत म्हणाले, "वहिनी, दोर दोन्ही हातांनी धरा. काठ ओला आहे."

इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मी दोन्ही हातांनी दोर धरला आणि ओढायला लागले.